तुम्ही विचारलंत म्हणून : त्या रात्रीनंतरही पेटी का ठेवली?

पेटी म्हणजे मी घरी बनवलेला स्मोकर, कोळशाच्या मंद आगीवर आणि धुरावर मांस तासन्‌तास शिजवायचा. हा प्रश्न मला दोन भागांत विचारला जातो. मंडळाच्या पिकनिकला पोर्कचा पहिला घास घेता घेता लोक पहिला भाग विचारतात, "स्मोकर दुकानात मिळतो, घरी कशाला बनवलास?" दुसरा भाग फक्त ती रात्र माहीत असलेले विचारतात, आवाज बारीक करून : "एवढं झाल्यावर टाकून का नाही दिलास?" आजवर मी उभ्या उभ्या काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

पैसे वाचवायला बनवला नाही. पत्रा, चौकोनी पाइप, रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), बिजागऱ्या, दाराच्या कडेची दोरी मिळून सव्वाचारशे डॉलर गेले आणि सहा शनिवार-रविवार. तेवढ्यात पातळ पत्र्याचे दोन तयार स्मोकर आले असते. पण पातळ पत्र्याचा स्मोकर इथे अमेरिकेत, मिनेसोटाच्या जानेवारीत चालवून बघा. उणे २० सेल्सियसला वारा सुटला की पत्र्यातून उष्णता निघून जाते. ती भरून काढायला आग मोठी ठेवायची, मोठ्या आगीला हवा जास्त, आणि ती सगळी कोरडी हवा मांसावरून वाहत जाणार. माझ्या जुन्या, पिंपाच्या स्मोकरला एका रात्रीत आठ-नऊ किलो कोळसा लागायचा, दर दोन तासांनी उठावं लागायचं, आणि सकाळी मांसाची कड तरी सुकलेलीच.

मला पोपटीचं मडकं हवं होतं. मी पेणकडचा. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी असं भरून ते शेतात उपडं घालतात आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. तरी मडकं उघडलं की वाफेचा लोट येतो, कारण शेंगांचं पाणी मडक्यातून बाहेर गेलेलंच नसतं. जाड भिंत आणि कोंडलेली वाफ, एवढंच मला पत्र्यात करायचं होतं.

म्हणून पेटीत पेटी. आतली साध्या काळ्या पोलादाची, बाहेरची तशीच, मध्ये दोन इंच रॉकवूल. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडत होता, पण आगीजवळ जस्ताचा लेप नको म्हणून तो घेतला नाही. फोमचा तर प्रश्नच नव्हता, तो वितळतो. खाली कोळशाची टोपली, वर जाळ्या, तळाला हवेची झडप, माथ्यावर धुराडं. टोपलीभर न पेटलेला कोळसा आणि वर मोजके दहा-बारा निखारे, म्हणजे आग वरून खाली सावकाश उतरत जाते. पहिल्या वेळी आग मोठी झाली म्हणून झडप बंद केली, तर पांढरा दाट धूर कोंडला आणि मांस कडू झालं. तेव्हापासून धुराडं कायम पूर्ण उघडं आणि आग पहिल्यापासूनच लहान.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी मी पेटीसमोर कितीतरी वेळ उभा होतो. आत १२० अंश, आणि माथ्यावर चार बोटं बर्फ, न वितळलेलं. फक्त दाराच्या चौकटीवर एक ओली काळी रेघ होती. तिथे आतला पत्रा बाहेरच्याला टेकला होता आणि उष्णता त्या वाटेने बाहेर येत होती. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने तो सांधा कापला. मग तीन-साडेतीन किलो कोळशावर चौदा तास. माझं म्हणणं आजही तेच आहे : पेटी चांगली बनली होती.

आता ती रात्र. आई आमच्याकडे पहिल्यांदाच हिवाळ्यात आली होती. दुसऱ्या दिवशी मुलीचा वाढदिवस, म्हणून चार किलोचा पोर्क शोल्डर रात्री नऊला लावला आणि आईसाठी सकाळी कोंबडी लावायची ठरवली. दहाच्या सुमाराला वारा इतका वाढला की झडपेतून आत घुसून आग भडकवू लागला. पेटीला चाकं होती. मी ती गॅरेजमध्ये ढकलली, मोठं दार फूटभर वर ठेवलं आणि झोपलो.

आईची खोली गॅरेजच्या बरोबर वर.

अडीच वाजता घरातला कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे कोळसा जळताना सुटणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म वाजला. चारदा टीं-टीं, थांबा, परत चारदा. मला वाटलं बॅटरी संपली, आणि ते वाटण्यात किती सेकंद गेले ते मी अजून मोजतो. वर गेलो तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, एक पाय चपलेत, दुसरा जमिनीवर. "डोकं जड झालंय रे," म्हणाली, आणि दुसरी चप्पल पायाने शोधत राहिली. चप्पल समोरच होती. तिला उचलून गाडीत बसवली, मुलगी नि बायको गोधडीत, गाडी रस्त्यावर नेऊन ९११ हा इथला मदतीचा नंबर लावला. फायर ब्रिगेडच्या माणसाने मीटर आत नेलं. आईच्या खोलीत हा वायू १२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १२० भाग) वर. अँब्युलन्समध्ये आईच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडा ९८ टक्के. मी हुश्श केलं. पॅरामेडिक म्हणाली, हा आकडा धरू नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही या चिमट्याला ऑक्सिजनचंच दिसतं. त्या विषारी वायूची रक्तातली पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. आई सकाळपर्यंत मास्क लावून पडून होती. शुद्धीवर होती, वाचली, मागे काही त्रास राहिला नाही.

मास्क काढल्यावर ती म्हणाली, "शेगडी आम्ही कधी बंद खोलीत ठेवली नाही. आजी ओरडायची. तुला सांगायला पाहिजे होतं मी." तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बरेच महिने मी सगळ्यांना सांगत होतो की दोष पेटीचा नव्हता, जागेचा होता. कोळसा जळणार तिथे छप्पर आणि भिंती नकोत, हे मला माहीत होतं. हे उत्तर खरं आहे. पण पुरतं खरं आहे असं आता म्हणवत नाही. जुनं पिंप मी कधीच गॅरेजमध्ये नेलं नसतं, कारण त्याला हात लावता येत नव्हता. ही पेटी बाहेरून कोमट. तिच्यावर तळहात ठेवून मी ती ढकलली. आत आग आहे हे हाताला जाणवत नव्हतं, आणि मी हातावर विश्वास ठेवला. शिवाय हवा मोजून दिलेली, मंद धुमसणारी आग तो वायू जास्तच सोडते. म्हणजे ज्या गुणासाठी मी सहा आठवडे खपलो, त्याच गुणाने मला फसवलं. मग दोष जागेचा कसा?

मग टाकून का नाही दिली? अकरा महिने ताडपत्रीखाली होती. एकदा भंगारवाल्याला फोनही केला होता. तो यायच्या आदल्या दिवशी दार उघडलं, आत जुन्या धुराचा वास होता, आणि मी त्याला नको म्हणून कळवलं. चव हवी होती, हे एक. आणि टाकून दिली असती तर ती रात्र पेटीच्या नावावर लागली असती, माझ्या नाही, हेही होतं. यातलं कुठलं कारण खरं, मला सांगता येत नाही.

आता ती घरापासून वीस-बावीस फुटांवर, अंगणातल्या काँक्रीटला बोल्टने जखडलेली आहे. चाकं काढली. वारा जास्त असला तर त्या दिवशी लावत नाही. आई फोनवर अजून विचारते, "बाहेरच आहे ना रे?" मी फोन खिडकीकडे वळवून दाखवतो.

मे महिन्यात ती पुन्हा येतेय. बायको म्हणते, खालची खोली लावू या. आई म्हणते, मला वरचीच आवडते, तिथे सकाळचं ऊन येतं. मी अजून काही बोललेलो नाही.