तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रपाळीत डॉक्टरांना कधी उठवायचे?

मी गेली बरीच वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे, आणि नातेवाइकांपासून नव्याने रुजू झालेल्या मुलींपर्यंत अनेकजण मला विचारतात, "सिस्टर, बीपी व्यवस्थित असताना पेशंट बिघडतोय हे तुम्हाला कळते कसे?" अनुभवाने कळते, हे उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे, त्यातून नव्या मुलीच्या हाती काहीच लागत नाही.

माझ्या मते ते कळते रुग्णाला त्याच्याच आधीच्या नोंदींशी ताडून पाहिल्याने. ज्याचा रक्तदाब गोळ्या घेऊनही एरवी १५० च्या खाली येत नाही, त्याचा ११० झाला तर तो 'नॉर्मल' म्हणून लिहून पुढच्या खाटेकडे जाता येत नाही.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री साठीतल्या एका काकांची नाडी दहा वाजता ८४ होती, बाराला ९६ आणि दोनला ११०. रक्तदाब मात्र ११८/७४ वरून ११०/८४ एवढाच हलला होता. बरोबरच्या मुलीला तो ठीक वाटला. मला वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर ४४ वरून २६ वर आलेले दिसत होते. शरीरातले रक्त कमी पडू लागले की हृदय वेगाने धावते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे वरचा दाब बराच वेळ तग धरतो. तो कोसळेपर्यंत साधारण ३० टक्के रक्त गेलेले असू शकते. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातले रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, फारसे काही नव्हते, पण गुठळीने बंद झालेला ड्रेनही रिकामाच दिसतो. युरोबॅगेत दोन तासांत ३५ मिली लघवी जमली होती. काकांचे वजन ६० किलो, म्हणजे किलोमागे तासाला अर्धा मिली या हिशेबाने निदान ६० हवी होती. हात गार लागत होते, आणि संध्याकाळी वॉर्डातल्या मावशींची थट्टा करणारा हा माणूस आता न बोलता चादरीची कड पुन्हा पुन्हा दुमडत होता. त्यांची सून म्हणाली, "बाबा असे कधी करत नाहीत." हे वाक्य मी कोणत्याही यंत्राइतकेच गंभीरपणे घेते.

"पेशंट बरा वाटत नाही" एवढाच फोन केला असता, तर झोपेतून उठलेल्या निवासी डॉक्टरांनी सलाईन वाढवायला सांगितले असते, आणि त्यात त्यांचा फार दोष नसता. मी शस्त्रक्रिया कोणती, तिला किती तास झाले, तिन्ही वेळची नाडी, लघवीचे माप हे सांगितले आणि शेवटी म्हटले, "आत रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे, तुम्ही आत्ता येऊन पोट बघा." पहाटे काकांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेले आणि एक रक्तवाहिनी बांधावी लागली.

हे सांगताना माझीच एक जुनी चूक लपवणे बरे नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला मीही इतरांसारखी टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) सगळ्यांचा श्वास न मोजता '२०' लिहीत असे. न्यूमोनियाच्या एका रुग्णाच्या रकान्यात ओळीने तीन वेळा २० होते, ऑक्सिजन लावलेला असल्याने बोटावरचे यंत्र रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दाखवत होते, आणि सकाळी राऊंडला मोजला तेव्हा श्वास ३४ भरला. त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. मला कोणी बोलले नाही, कारण आधीच्या पाळीनेही २०च लिहिले होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या धोक्याच्या गुणपद्धतीत (गुण जितके जास्त, तितका धोका जास्त) श्वास २५ किंवा त्याहून अधिक असला की त्या एकाच रकान्याला पूर्ण ३ गुण मिळतात, आणि नेमका तोच रकाना आपण अंदाजाने भरतो. आता मी नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाही आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहते. श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस तो नकळत बदलतो.

माझे सगळेच फोन खरे ठरतात असे नाही. गेल्या महिन्यात १२० नाडीसाठी मी डॉक्टरांना तीन वाजता उठवले. तपासणीत, ईसीजीत काही निघाले नाही. जाताना ते म्हणाले, "पुन्हा शंका आली तर पुन्हा उठवा." मी फोनची वेळ चार्टवर लिहिली आणि साडेतीनला पुन्हा मनगट हातात घेतले.