जूनचे वर्ष आणि आगमनकाळाचे वर्ष

वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) मराठी शाळेत मी सहावी-सातवीच्या मुलांना शिकवते आणि रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, त्याच वयाच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. सोमवारी ज्या मुलांना मी अपूर्णांक समजावून देते, त्यांतल्याच बऱ्याच जणांना आदल्या दिवशी मी बायबलमधला उतारा शोधायला लावलेला असतो. उच्च प्राथमिक इयत्तांच्या या मुलांना वर्षभर नेमके काय शिकवता, असे एका पालकांनी मला मध्यंतरी विचारले. प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि त्यांना मी दोन वाक्यांत दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा (फर्स्ट कम्युनियनचा) विधी प्राथमिक इयत्तांतच होऊन जातो. त्यासाठी वर्षभर तयारी असते, पांढरे कपडे शिवले जातात, घरात पाहुणे येतात. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे दृढीकरण (कन्फर्मेशन), श्रद्धा पक्की करणारा संस्कार, आणि तो हायस्कुलात गेल्यावर येतो. या दोन्हींच्या मधल्या वर्षांत मुलांपुढे कुठलाच सोहळा नसतो, त्यामुळे ही वर्षे रिकामीच आहेत असे अनेकांना वाटते आणि रविवारच्या वर्गातली उपस्थितीही नेमकी याच वयात घसरते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. तयारी करून घ्यायला कुठलाही संस्कार समोर नसल्यामुळेच या वर्षांत मुलांना चर्चचे वर्ष दाखवता येते, एकेका दिवसाने आणि एकेका रंगाने. दहा-अकरा वर्षांचे मूल तोवर आई सांगते म्हणून गुडघे टेकत आलेले असते, आणि याच सुमारास ते पहिल्यांदा विचारते की आपण हे का करतो.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते. चर्चचे वर्ष, ज्याला आम्ही उपासना वर्ष म्हणतो, ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होते आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीतरी येतो. म्हणजे मुले नव्या वह्यांना कव्हरे घालून वर्गात बसतात, तेव्हा चर्चचे वर्ष निम्म्याहून अधिक सरलेले असते. वेदीवरचे वस्त्र हिरवे असते आणि सामान्यकाळ, म्हणजे मोठ्या सणांच्या काळांबाहेरचा काळ, चालू असतो. सामान्यकाळाचे आठवडे वर्षाकाठी ३३ किंवा ३४ असतात आणि त्यांतले बहुतेक पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत येतात. हा संथ काळ मी बायबल हाताळायला शिकवण्यासाठी वापरते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. मुलांना ही संख्या पाठ असण्यापेक्षा ‘मत्तय १३, ओवी ३’ म्हटल्यावर पान कसे काढायचे हे जमणे मला महत्त्वाचे वाटते. सहावीतले मूल पहिल्यांदा मत्तय शोधते तेव्हा हमखास पुस्तकाच्या सुरुवातीकडून पाने उलटू लागते, आणि आधी केवढा मोठा जुना करार ओलांडावा लागतो हे त्याला त्या उलटलेल्या पानांच्या जाडीवरून कळते.

रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. मत्तयचे वर्ष असले की पेरणाऱ्याचा दाखला जुलैच्या मध्यावर येतो. २०२३ साली तो १६ जुलैला आला होता. त्या दिवसांत आमच्याकडे भाताची लावणी चालू असते. मी दाखला वाचून दाखवला, काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत. तेव्हा एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, “टीचर, माझे आजोबा वाटेवर बी नाही टाकत. ते राबात टाकतात, मग रोपे काढून लावतात.” त्याचे बरोबरच होते. लावणी पाहत वाढलेल्या मुलाला तो शेतकरी निष्काळजी वाटणे स्वाभाविक आहे. मग येशूच्या देशात धान्य हाताने विखरून पेरत, तिथे पीक गव्हाचे आणि जवाचे असे, हे सांगावे लागले, आणि दाखल्यातला शेतकरी इतक्या सढळ हाताने का पेरतो याची चर्चा तास संपेपर्यंत चालली. दाखल्याचा अर्थ मी आधी सांगून टाकला असता, तर हा प्रश्न आलाच नसता.

शाळेच्या वेळापत्रकात मात्र धर्मशिक्षणाची तासिका वेगळ्या रीतीने चालते. आमच्या वर्गांत सगळ्याच धर्मांची मुले आहेत. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, तेव्हा इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ही तरतूद मी सातवीच्या मुलांना आवर्जून समजावून सांगते. आपल्या शेजारच्या बाकावरची मैत्रीण या तासाला दुसऱ्या खोलीत का जाते, हे त्यांना कळायला हवे, आणि तिच्या जाण्यात तुटकपणा नसून एकमेकींच्या घराबद्दलचा आदर आहे, हेही कळायला हवे. १५ ऑगस्टला तर दोन्ही गोष्टी एकाच सकाळी येतात. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, आणि झेंडावंदनाला सगळी शाळा एका रांगेत उभी असते.

ऑक्टोबर जपमाळेचा महिना आहे. या महिन्यात मुलांना चारही प्रकारची रहस्ये, म्हणजे जपमाळ म्हणताना मनन करायचे येशू आणि मरियामातेच्या जीवनातले प्रसंग, शिकवते. त्यांतली प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडली, हे आजीला ठाऊक असलेल्या जपमाळेत आपल्या हयातीत पडलेली भर म्हणून पालकांनाही सांगावे लागते. नोव्हेंबरच्या २ तारखेला मुले घरच्यांबरोबर दफनभूमीत जातात आणि थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्यावर मी वेगळा पाठ घेत नाही. आपल्या पणजोबांचे नाव दगडावर वाचणाऱ्या मुलाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मग आगमनकाळ येतो आणि एक अडचणीची गोष्ट करायची असते. मुलांना थांबायला शिकवायचे असते. बाजारात नाताळ नोव्हेंबरमध्येच सुरू झालेला असतो, पण वेदीवर जांभळे वस्त्र असते, मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत म्हटले जात नाही आणि आगमनमाळेतल्या चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकच नवी पेटते. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, आणि त्या एका रविवारची मुले आधीपासून वाट पाहतात. गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरण्याची आमच्याकडची पद्धत मला या काळासाठी फार उपयोगाची वाटते. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी प्रत्येक मूल बशीत थोडी माती घेऊन मूठभर नाचणी टाकते, वर पाणी शिंपडते आणि बशी वर्गाच्या खिडकीत ठेवते. पहिले काही दिवस काही दिसत नाही. दोन-तीन मुले मातीत बोट घालून बघतात आणि कोंब मोडतात. नंतर एका सकाळी हिरवी लव दिसते, आणि नाताळपर्यंत गोठ्यातल्या मेंढरांपुढे ठेवण्याइतके गवत तयार होते. ज्यांनी कोंब मोडले त्यांच्या बशीत विरळ जागा राहतात, त्या इतरांनी आपल्या रोपांनी भरून द्यायच्या असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया यांचा सण येतो, आणि वर्षातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा पाठ तेव्हा होतो. गोन्सालो वसईचे. आई इथली, वडील पोर्तुगीज. तरुण वयात ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या नावाच्या चर्चचे अवशेष उभे आहेत आणि मुलांनी ते पाहिलेले असतात.

पण त्याच किल्ल्याबद्दल शाळेच्या इतिहासाच्या तासाला मी त्यांना आणखी काही शिकवलेले असते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. मराठी शाळेत शिकणारी कॅथलिक मुले हे दोन्ही पाठ एकाच वर्षात, एकाच शिक्षिकेकडून ऐकतात, आणि सातवीच्या वर्गात बहुधा दर वर्षी कुणीतरी विचारतेच, “टीचर, मग आपण कुणाच्या बाजूचे?” हा प्रश्न टाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांची अडचण मला समजते. तरीही माझे मत असे आहे की मुलाने तो विचारण्याइतका विश्वास आपल्यावर ठेवला असेल, तर त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवे. मी सांगते की पोर्तुगिजांची सत्ता १५३४ साली इथे आली आणि १७३९ साली गेली. आपले पूर्वज त्यांच्याबरोबर आले नव्हते आणि त्यांच्याबरोबर गेलेही नाहीत. ते इथे वाड्या शिंपत होते, भात लावत होते, सामवेदी आणि वाडवळी बोलत होते, आणि सत्ता बदलल्यावरही त्याच विहिरींचे पाणी पीत राहिले. सत्तेबरोबर अन्यायही आला, सक्तीही झाली, हेही मी झाकत नाही. आपली श्रद्धा ज्या वाटेने आपल्यापर्यंत आली त्या वाटेवर काय काय घडले, हे तेराव्या वर्षी खरेपणाने ऐकलेल्या मुलाला पुढे कुणी टोचून बोलले तर ते गोंधळत नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेवर उत्तम निबंध लिहिणारी मुलगीच संत गोन्सालोंच्या मिरवणुकीत पताका धरून पुढे चालते, आणि तिला यात कुठलीही ओढाताण वाटत नाही.

राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधी मी मुलांना गेल्या वर्षीच्या झावळ्या आणायला सांगते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशूचे जेरुसलेममध्ये ‘होसन्ना’च्या जयघोषात स्वागत झाले त्याच्या आठवणीच्या दिवशी, आशीर्वाद दिलेली पाती बहुतेक घरांत क्रूसामागे किंवा तसबिरीमागे खोचलेली असते. वर्षभरात ती पिवळी पडून कडक झालेली असते, काहींनी तिचा लहानसा क्रूस विणलेला असतो. ती सगळी गोळा करून चर्चच्या आवारात एका लोखंडी घमेल्यात जाळतात, राख चाळतात, आणि बुधवारी तीच कपाळाला लागते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला राखेचा अर्थ सांगताना शब्द फार लागत नाहीत. आपण ज्या पातीने होसन्ना म्हटले तिचीच ही राख, एवढे पुरते.

उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्ताच्या काळात, या वयाच्या मुलांची एक खास जागा आहे आणि ती मी त्यांना दाखवून देते. चर्चच्या नियमानुसार मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते आणि उपवासाचे बंधन १८ पूर्ण झाल्यावर. म्हणजे माझ्या वर्गातल्या जवळजवळ कुणावरही काहीच बंधनकारक नसते. त्यांनी जे सोडायचे ते स्वतःच्या मनाने सोडायचे, आणि काय सोडले ते मला सांगायचे नाही, असे आमचे ठरलेले आहे. पूर्वी मी एका शाळेत होते, तिथे मुलांचे त्याग तक्त्यावर लिहून त्यांना गुण दिले जात. मुले तक्ता भरण्यासाठी खोटे लिहू लागली होती आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटते, कारण तो तक्ता मीच भिंतीवर लावत असे.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, याचा तास आम्ही कालनिर्णय समोर ठेवून घेतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. मुले बोट फिरवत पौर्णिमा शोधतात. २०२४ साली ती होळीची पौर्णिमा निघाली आणि सण ३१ मार्चला आला. २०२५ साली हनुमान जयंतीची पौर्णिमा निघाली आणि सण २० एप्रिलला आला. घरातल्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयात आपला सण असा दडलेला आहे, हे सापडले की मुले पुढच्या पाच वर्षांचे गणित मांडायला बसतात.

वार्षिक परीक्षा मात्र नेमक्या याच दिवसांच्या आसपास येतात, त्यामुळे पुनरुत्थानकाळाला वर्गात फारच थोडा वेळ मिळतो. हा काळ पन्नास दिवसांचा असतो आणि त्याच्या शेवटी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येतो. तो लवकरात लवकर १० मेला आणि उशिरात उशिरा १३ जूनला येऊ शकतो, आणि आमची शाळा उघडते १५ जूनच्या सुमारास. म्हणजे हा सण कधीच शाळेच्या दिवसांत येत नाही. मी तो जूनच्या पहिल्या तासाला शिकवते, सण होऊन गेल्यावर. त्या तासाला मी मुलांना इतकेच सांगायला लावते की सुट्टीत त्या रविवारी ती कुठे होती आणि तिथे मिस्सा कोणत्या भाषेत ऐकली. कुणी मामाकडे गोव्यात कोकणीत ऐकलेली असते, कुणी मुंबईत मावशीकडे इंग्रजीत, कुणी गावीच मराठीत. मग आम्ही प्रेषितांची कृत्ये उघडतो आणि दुसऱ्या अध्यायात जेरुसलेमला जमलेल्या लोकांची यादी वाचतो, ज्यांतल्या प्रत्येकाला तेच बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले होते.