आमची वाटचाल: काळ्या शाईची पानं

आम्ही दोघींनी हा व्यवसाय सुरू केला तेव्हा काम ठरलेलं होतं: शाप, नरक, पिशाच्चं असे विषय असलेली सुपरहिरो कॉमिक्स वाचायची आणि ग्रंथालयांना, विक्रेत्यांना त्यांची परीक्षणं लिहून द्यायची.

पहिलं वर्षभर आम्ही कथानकच लिहीत राहिलो. कोण मेलं, कोण परत आलं, रक्त किती सांडलं. एका ग्रंथपालबाईंनी टिपण परत पाठवलं: "हे कुणाच्या हाती द्यावं, ते यातून कळत नाही." ते फार लागलं.

मग जुने अंक काढून बसलो. १९५४च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, व्हॅम्पायर आणि चालती प्रेतं हद्दपार केली होती. १९७१मध्ये कोड सैल झाला आणि १९७२मध्ये घोस्ट रायडर हा नायक आला. त्यातला जॉनी ब्लेझ सैतानाशी करार करतो तो स्वतःसाठी नव्हे, ज्याने त्याला वाढवलं त्या माणसाचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून. माणूस बरा होतो आणि लगेच एका स्टंटमध्ये मरतो. तेव्हापासून आमच्या परीक्षणात पहिला प्रश्न हाच असतो: काळोख नायकाकडून काय हिरावून घेतो?

लेखक ॲलन मूर यांच्या 'स्वॅम्प थिंग' या कॉमिकच्या २१व्या अंकावर आम्ही तीनदा लिहिलं. आपण झाड झालेला माणूस आहोत असं त्यातल्या नायकाला वाटत असतं. प्रत्यक्षात तो स्वतःला माणूस समजणारं झाड निघतो. यात रक्त आहेच, पण खरी भीती त्या शोधात आहे. तिसऱ्या खेपेला ते कागदावर उतरलं.

आता प्रत्येक अंक दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा संवाद बाजूला ठेवून फक्त चित्रं. ही सवय चित्रकार जीन कोलन यांच्यामुळे लागली. ड्रॅक्युलाच्या मालिकेचे सत्तरही अंक त्यांनी रेखाटले, आणि त्यांच्या सावल्या धुक्यासारख्या पानभर पसरतात.

एका प्रकाशकाने मध्यंतरी फक्त स्तुती मागितली. प्रती परत केल्या.

सध्या टेबलावर १९९२चा 'स्पॉन' आहे. बायकोला पुन्हा पाहण्यासाठी मेलेला सैनिक नरकाशी सौदा करतो. मला वाटतं, सुरुवातीच्या अंकांत साखळ्या आणि लाल केप त्याचं दुःख झाकून टाकतात. माझी भागीदार म्हणते, तो केपच त्याचं दुःख आहे. टिपण अजून अडलेलंच आहे.