पेसाखच्या वड्या

निसान १२, सोमवार. अश्दोद, इस्राएल

आज माळ्यावरची ट्रंक खाली काढली. वर्षातून फक्त सात दिवस, पेसाखला वापरायची भांडी त्यात असतात. पेसाख म्हणजे आम्हा ज्यूंचा निसान महिन्यातला, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. दोन कढया, पातेली, परात, उलथनी, आणि ठाण्याहून येताना आईने गोणपाटात गुंडाळून दिलेली नारळ खवायची विळी. बाकीचं सगळं इथे मिळालं असतं. विळी मिळाली नसती.

आजी या सणाला पेसाख कधी म्हणालीच नाही. तिच्या तोंडी ‘अनशी ढाकाचा सण’. अलिबागकडच्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांमधून आंबट अनशीचं मडकं असायचं, कालवणात घालायला. सणाला त्यावर झाकण पडायचं, ते आठवडा उलटल्यावरच निघायचं. आंबलेलं काही नको, हा तोराहमधला, आमच्या धर्मग्रंथातला हुकूम आमच्या कोकणी बायकांनी मडक्याच्या झाकणात बसवला होता. किती पिढ्या तो तसाच पाळला असेल. मला त्या नावाचं फार अप्रूप आहे. नातीलाही मी तेच शिकवलंय.

सणाआधी घराला चुना लागायचा. कल्हईवाला दारात बसायचा. नवसागराचा धूर, आणि काळपट पातेल्याच्या पोटात चांदीसारखा फिरणारा कापूस. माझ्यासाठी पेसाखचा वास अजून तोच आहे.

इथे कल्हई नाही, पण साफसफाई तेवढीच. ब्रेड, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया, सगळं घराबाहेर. हिंगाची डबी मी सगळ्यांत आधी काढते. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुकानातही गव्हाच्या मालाच्या फळ्यांवर प्लॅस्टिकचे पडदे ओढलेले. १९८६ पासून तसा कायदाच आहे, पेसाखमध्ये खमीर, म्हणजे ब्रेडसारखं आंबलेल्या पिठाचं काही, उघड्यावर विकायला मांडायचं नाही.

निसान १३, मंगळवार

आज गोडाचा दिवस. गेल्या वर्षीचं अजून मनात आहे, म्हणून आधी तेच लिहिते.

आमच्यात पेसाखला तांदूळ चालतो. परातीत पसरून तीनदा निवडायचा, गव्हाचा एखादा दाणाही राहता कामा नये. मग भाकरी करा, भात करा. आई तांदळाची खीर करायची, नारळाच्या दुधातली. सेदरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या, जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दुधाचं आम्हाला चालत नाही, त्यामुळे दूध-तूप नाही. आणि कोकणातल्या बाईचं त्यावाचून काही अडत नाही, हाताशी नारळ असतो. पण लेक अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यूंच्या, घरात गेली. त्यांच्यात तांदूळ नाही, मका नाही, वाटाणे-मूग नाहीत. हे सगळं कित्नियोत. लग्नानंतर तिनेही ते सोडलं, नवऱ्याच्या घरची चाल म्हणून. तेव्हा आमच्या टेबलावर सेदरला खीर बंद झाली. मी चायना ग्रासचा हलवा करायला लागले. तो समुद्रातल्या शेवाळाचा, त्यात ना धान्य, ना कडधान्य. नव्या वर्षाच्या सणाला आजी गव्हाचा चीक काढून हलवा करायची, तो पेसाखला अर्थातच नाही. चायना ग्रासचा मात्र निर्धास्त.

गेल्या वर्षी गुडघे दुखत होते म्हणून नारळाचं दूध डब्यातलं आणलं. हलवा सुंदर लागला. गुलाबी, वर पिस्त्याचे काप. विहीणबाईंनी ताटली हातात घेतली आणि कशात काय आहे ते विचारलं. नेहमीच विचारतात, मलाही ते आवडतं. मी डबा आणून दाखवला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं : पेसाखसाठी कोशेर (धर्माला चालणारं), फक्त कित्नियोत खाणाऱ्यांसाठी. दूध घट्ट राहावं म्हणून त्यात गवारीचा डिंक घातलेला. समोर ‘कोशेर’ एवढंच मोठं लिहिलेलं, ते वाचून मी डबा उचलला होता.

त्या काही बोलल्या नाहीत. ताटली हळूच बाजूला ठेवली आणि स्वतः करून आणलेल्या मॅकरूनमधलं एक घेतलं. लेकीनेही ठेवली, जावयांनीही. आम्ही खात राहिलो आणि ते तिघं बघत राहिले. एका टेबलावर बसून निम्म्या माणसांनी खावं, निम्म्यांनी नाही, हे मला फार लागलं. सेदरमधली कथा सुरूच होते ती ‘जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं’ या शब्दांनी. आमच्याकडे ते मराठीत वाचतात. पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी अशी हगादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यातल्या चित्रात मत्सा, म्हणजे न आंबवलेली रोटी, भाजणाऱ्या बाया आपल्याकडच्या वेशात आहेत. तेच वाक्य ज्या टेबलावर मोठ्याने वाचलं, तिथेच मी पाहुण्याला न चालणारं गोड वाढलं.

म्हणून यंदा ठरवलं, सगळं हाताने. डबा नाही, पाकीट नाही. पिठीसाखरेतही मक्याचं पीठ असतं, म्हणून साधी दाणेदार साखर. वेलची दोडे आणून सोललेली.

सकाळी चार नारळ फोडले. दोन वड्यांना, दोन हलव्याला. विळीवर उकळतं पाणी ओतून घेतलं आणि पाट मांडून खाली बसले. गुडघ्याने तक्रार केली, करू दे. खवताना करवंटीपाशी थांबायचं, तपकिरी पाठ आली की वडीचा रंग जातो. चव (खवलेला नारळ) परातीत पडते तेव्हा आधी कोरडी दिसते, मुठीत दाबली की बोटांमधून दूध येतं. तेवढा ताजा नारळ इथे दर वेळी मिळत नाही. आजचे चांगले निघाले.

वड्यांना दोन वाट्या चव, दीड वाटी साखर, पाव वाटी पाणी. कढईत सतत ढवळायचं. आधी पातळ होतं, मग बुडबुडे जड होतात, मग गोळा कडा सोडतो, आणि त्यानंतर एक क्षण येतो की उलथनं फिरवलं तर कढईच्या बुडावर साखरेची पांढरी रेघ उमटते. तिथेच उतरायचं. पुढे गेलं की वडी भुरभुरते, मागे राहिलं की चिकटते. ताटाला खोबरेल लावलं, तुपाचं बोट नाही.

हलव्याचं दूध कपड्यातून पिळलं, पहिलं घट्ट आणि दुसरं पातळ वेगळं ठेवलं. दहा ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून भिजवलं आणि पातळ दुधात, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळलं. मग साखर, गाळणं, आणि गॅस बंद करून घट्ट दूध. ते उकळलं तर फाटतं. फुंकर घालण्याआधीच कडेने धरायला लागलं. एवढं करताना दोन वाजले.

खजुराच्या शिऱ्याला, म्हणजे पाकाला, खजूर काल रात्रीच भिजत घातला होता. तो शिजवून, पिळून, रस मंद आचेवर काकवीसारखा होईपर्यंत आटवला. इजिप्तमध्ये गुलामीत बापजाद्यांनी विटांचा जो चिखल तुडवला, त्याची ही आठवण. विहीणबाईंकडे ती सफरचंद-अक्रोड-दालचिनीची असते. दोन्ही वाट्या शेजारी मांडणार.

आता अंधार पडलाय. नातीला मेणबत्ती देऊन खमीर शोधायला पाठवायचंय. पावाचे दहा तुकडे लपवलेत, कागदावर जागा लिहून ठेवल्या आहेत.

निसान १६, शुक्रवार

काल सण, त्यामुळे लेखणी धरली नाही. आज लिहिते.

सेदरला गोड मध्येच खाऊन घ्यावं लागतं. लपवलेला मत्साचा तुकडा, आफिकोमान, शेवटी खाल्ला की नंतर काही खायचं नाही. पोरं तो शोधायला पळाली आणि मी ताट आणलं. विहीणबाईंनी विचारायच्या आधीच सांगितलं : नारळ, साखर, वेलची, शेवाळ, पिस्ते, दुसरं काही नाही. दूध मी पिळलंय. त्यांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसल्या. मग म्हणाल्या, हे आमच्या मॅकरूनचं भावंड आहे, फक्त अंड्याविना. दोघींच्या घरी पीठ बंद झालं तेव्हा दोघींनीही नारळच धरला, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं.

आतून नात ओरडली, सापडला म्हणून. विहीणबाईंनी घाईघाईने हलव्याची आणखी एक वडी उचलली. लेकीने दोन उचलल्या.

सकाळी त्यांचा फोन आला. पुढच्या वर्षी सोमवारीच येते म्हणाल्या, विळीवर बसायला शिकव. मी सांगितलं, खुर्चीवरून येत नाही, खालीच बसावं लागेल. बसेन म्हणाल्या. एक नारळ उरलाय, तो संध्याकाळी शाब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत खवून घेते.