आकड्यांच्या रकान्यात तुटलेलं समीकरण

लंबकाच्या प्रयोगाचं कोष्टक करत होते. दहा आंदोलनांना लागलेला वेळ, आणि त्याच रकान्यात पुढे त्याची अनिश्चितता: १२.४५ $+- ०.१६$. डॉलरच्या खुणांमधलं ईक्यूएनचं, म्हणजे समीकरणं मांडणाऱ्या प्रोग्रामचं; बाकी सगळं टीबीएलचं, म्हणजे कोष्टकं मांडणाऱ्या प्रोग्रामचं. हेच समीकरण परिच्छेदात टाकलं की सुबक उमटायचं. कोष्टकात गेलं की ईक्यूएनची तक्रार सुरू, आणि रकान्याचा पार विचका.

दोन संध्याकाळी मी समीकरणंच तपासत बसले. ईक्यूएनमध्ये रिकाम्या जागेला अर्थ असतो. ‘सप’ या घातांकाच्या खुणेनंतर २+१ सलग लिहिलं तर अख्खं २+१ घातांकात चढतं, त्यामुळे पहिला संशय तिकडेच गेला. मग क्रम पाहिला: टीबीएल आधी, ईक्यूएन नंतर, शेवटी पानाची मांडणी करणारा ट्रॉफ. ग्रॉफला, म्हणजे ट्रॉफच्या जीएनयू आवृत्तीला, टी आणि ई हे पर्याय दिले की तो हा क्रम आपणहून लावतो. तिथेही काही चुकलं नव्हतं.

शेवटी पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट पुढच्याला देणारी साखळी, मध्येच तोडला. टीबीएलमधून जे बाहेर पडतं ते ईक्यूएनकडे न पाठवता थेट लेस या मजकूर वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडलं. ते वाचायला किचकट असतं, रकान्यांच्या रुंदीची मोजमापं आणि रजिस्टरांची गर्दी. पण त्यातच माझा आकडा सापडला, दोन तुकड्यांत. एका तुकड्यात ‘१२.४५ $+- ०’ आणि दुसऱ्यात ‘.१६$’. उघडणारा डॉलर एकीकडे, मिटणारा दुसरीकडे! ईक्यूएन बिचारं अर्ध्या समीकरणाचं काय करणार?

रकान्याचा प्रकार मी ‘एन’ दिला होता, म्हणजे संख्या दशांश चिन्हावर जुळवायच्या. त्यासाठी टीबीएल प्रत्येक नोंदीचे दोन भाग करतं, आणि अंकाला लागून असलेल्या टिंबांपैकी सर्वांत उजवीकडचं टिंब धरतं. माझ्या नोंदीत ते समीकरणाच्या पोटात होतं. डॉलर म्हणजे समीकरणाची हद्द, हे मी फाइलच्या सुरुवातीला ईक्यूएनला सांगून ठेवलं होतं. टीबीएलला ते सांगितलंच नव्हतं.

टीबीएल माइक लेस्क यांचं, ईक्यूएन ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांचं; १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये झालेली ही दोन वेगळी कामं. दोन्ही आपापल्या खुणांपुरतं बघतात, बाकीचा मजकूर जसाच्या तसा पुढे सोडतात. मला ही रचना मनापासून आवडते, कारण त्यामुळेच मधल्या टप्प्यावर थांबून डोकावता येतं.

टीबीएलमध्ये यासाठी पर्याय आहेच: कोष्टकाच्या पर्यायांच्या ओळीत डिलिम($$) लिहायचं. ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच, नाहीतर टीबीएल तिला रकान्यांच्या मांडणीची ओळ समजतं. त्याआधी मी रकाना ‘एल’, म्हणजे डावीकडे जुळवलेला, करून वेळ मारून नेली होती. तेव्हा समीकरणं शाबूत राहिली, पण दशांश चिन्हं वर-खाली सैरभैर झाली. वाचनांच्या कोष्टकात ते मला चालत नाही, कारण नजर रकान्यातून सरळ खाली उतरली पाहिजे.

डिलिम घातलं आणि पुन्हा लेस उघडलं. आता तुकडे होते ‘१२’ आणि ‘.४५ $+- ०.१६$’. छापून पाहिलं तर आठही ओळींत टिंबाखाली टिंब, आणि अधिक-उणे चिन्हंही एकाखाली एक.