लिंक दिलेल्या छायाचित्रासाठी आलेली भरपाईची नोटीस : माझा अनुभव

माझ्या संकेतस्थळावरील एका जुन्या लेखात दिसणाऱ्या छायाचित्राबद्दल, मालकाच्या वतीने पैसे वसूल करणाऱ्या एका संस्थेने मला नोटीस पाठवली. तीत लेखाचा स्क्रीनशॉट, संदर्भ क्रमांक, भरपाईची रक्कम आणि मुदतीत पैसे भरल्यास मिळणारी सवलत असे सर्व काही होते. ते छायाचित्र माझ्या पानावर कोठून येत होते, याचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख नव्हता.

ते माझ्या सर्व्हरवर कधीच नव्हते. पानाच्या कोडमध्ये केवळ मूळ ठिकाणचा पत्ता होता आणि वाचकाचा ब्राउझर तेथून थेट चित्र आणत होता. उतरवून घेतलेले चित्र आणि लिंकवरून आलेले चित्र स्क्रीनशॉटमध्ये सारखेच दिसते. म्हणून लिंक काढण्यापूर्वी पानाचा सोर्स कोड, चित्राचा पूर्ण पत्ता आणि आपल्या सर्व्हरवरील फाइलींची यादी तारखेसह जतन करावी. मी ती केली आणि मगच लिंक काढली. लिंक काढल्याने मागील काळाची मागणी मिटत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

लिंकच आहे, तेव्हा आपण सुटलो, असेही नाही. अमेरिकेतील ‘परफेक्ट 10 विरुद्ध अ‍ॅमेझॉन’ या खटल्यात 2007 साली अपील न्यायालयाने चित्राची प्रत कोणाच्या सर्व्हरवर आहे, ही नुसती लिंक देणाऱ्याला सोयीची कसोटी लावली. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने ट्विटमधील एका छायाचित्राच्या बाबतीत तीच कसोटी नाकारली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर 2016 साली असे म्हटले, की नफ्यासाठी विनापरवाना मजकुराची लिंक देणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक होती असे गृहीत धरावे, आणि तसे नव्हते हे त्याने दाखवावे. त्यामुळे उत्तरात मी हा मुद्दा मांडला, पण सगळा भार त्यावर टाकला नाही.

भार टाकला तो एका साध्या मागणीवर: छायाचित्र तुमच्या अशिलाचे आहे आणि त्याच्या वतीने पैसे मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे, याची कागदपत्रे दाखवा. येथेच सारे अडकले. त्यांच्या संकेतस्थळावर संदर्भ क्रमांक घातल्यावर दोनच पर्याय उघडत, ‘भरणा करा’ आणि ‘परवाना सादर करा’. दावाच मान्य नसलेल्या माणसाने कोठे जावे, याची सोय करणे कोणालाही सुचले नव्हते. ईमेल केला की प्रत्येक वेळी वेगळ्या नावाच्या सहीने तेच उत्तर येई, की विषय गंभीर असून प्रकरण विधी विभागाकडे सोपवले जाईल. मी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, आधीचा पत्रव्यवहार खाली जोडून पुन्हा विचारत राहिलो. अखेर एका कराराचे एक पान आले, ज्यातील बहुतेक ओळींवर काळी पट्टी होती आणि माझ्यावर ज्या छायाचित्राचा ठपका होता, त्याचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. संस्थेकडील हा हक्क इतर कोणालाही न दिलेला, एकमेव आहे की नुसती विक्रीची परवानगी, तो कधीपासूनचा, आणि अशा वापराचे नेहमीचे परवाना शुल्क किती, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. सवलत तेवढी वाढली. ज्याच्या हाती पक्का कागद आहे, तो प्रश्न विचारताच भाव का उतरवतो, हे मला अजून कळलेले नाही.

दरम्यान काही पथ्ये मी पाळली. ‘चूक झाली’, ‘माहीत नव्हते’ अशी वाक्ये टाळली आणि प्रत्येक पत्राच्या आरंभी ‘कोणताही दावा मान्य न करता’ असे लिहिले. चित्रावर कॉपीराइटचे चिन्ह नव्हते, ही सबब मुळीच पुढे केली नाही, कारण कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार हक्कासाठी चिन्हाची किंवा नोंदणीची अट नाही. न्यायालयाचे समन्स आले असते, तर मात्र स्वतः पत्र लिहीत न बसता वकील गाठला असता.

शेवटी प्रकरण बंद केल्याचे एका ओळीत कळवण्यात आले. कारण दिले नाही, दिलगिरी तर नाहीच. ती ओळ सर्व पत्रव्यवहारासह मी जपून ठेवली आहे. आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी सांगायला हवी होती: अशा नोटिशीच्या नावाखाली व्हायरस असलेल्या फाइलीही पाठवल्या जातात, म्हणून ईमेलमधील दुव्यावर क्लिक न करता आधी त्या संस्थेचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून संदर्भ क्रमांक पडताळावा.