समाजशास्त्राचं पुस्तक सोलापुरात बसून वाचताना

एकाकीपणा, भाड्याची घरं, बायकांचं न मोजलेलं काम, निरर्थक वाटणाऱ्या नोकऱ्या. या विषयांवरची गाजलेली परदेशी पुस्तकं आता सोलापुरातही भरपूर वाचली जातात. वाचून झाल्यावर कानावर येणारे अभिप्राय मात्र बहुतेक दोन प्रकारचे असतात: ‘अगदी पटलं’ किंवा ‘हे तिकडचं, आपल्याकडं असं नसतं’. दोन्हींत पुस्तकाची तपासणी झालेली नसते. लेखकानं नेमकं काय मोजलं, कुणाला विचारलं, आणि तेच इथं मोजायचं तर कुठं अडेल, एवढं सांगितलं तरच त्या मताचा पुढच्या वाचकाला उपयोग होतो.

अमेरिकेत संघटनांत सामील होणं कसं घटलं, याबद्दलचं रॉबर्ट पटनम यांचं ‘बोलिंग अलोन’ घ्या. लेख १९९५चा, पुस्तक २०००चं. शीर्षक एका आकड्यावर उभं आहे: १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडण्याचा खेळ) खेळणारे १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये, म्हणजे संघ बांधून खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. बरेच वाचक यातून ‘माणसं एकटी पडली’ असा अर्थ काढतात. आकडा मात्र सभासदत्वाचा आहे. लीग सोडलेला माणूस घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर खेळत असू शकतो. संघटनेत नाव असणं आणि सोबत असणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि अभिप्रायात पहिली ओळ याचीच हवी.

मग सोलापूर. इथं काय मोजायचं? भिशी, तालीम, गणेश मंडळ, बचत गट, की युनियनची पावती? पटनम यांनी दोन प्रकारचे धागे वेगळे केले आहेत: आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारे, आणि आपल्याहून वेगळ्यांशी जोडणारे. मराठीत वाचताना घोळ इथंच होतो, कारण आपला ‘समाज’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. ‘समाजातला विश्वास कमी झाला’ हे वाक्य वाचून एक जण अख्ख्या शहराचा विचार करतो, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर पद्मशाली समाज, लिंगायत समाज, समाजाचं मंगल कार्यालय उभं राहतं. दुसऱ्या अर्थानं पाहिलं तर सोलापुरात विश्वास घटल्याचं सहजी म्हणता येणार नाही, पहिल्या अर्थानं वेगळा हिशेब मांडावा लागेल. म्हणून अनुवादात ‘समाज’ दिसला की पेन्सिलीनं वर लिहावं: जात, वस्ती, की शहर? पुस्तकभर हे केलं तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा या कसोटीवर पाहण्यासारखी आहे. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत उचलायच्या उंच काठ्या, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. एकेका काठीभोवतीचा सराव हा बांधणारा धागा, आणि सातही काठ्या एकामागून एक निघतात तो जोडणारा. एकाच मिरवणुकीत दोन्ही. पटनम यांची विभागणी इथं चुकीची ठरत नाही, पण ‘ही संस्था या खान्यात, ती त्या खान्यात’ अशी वाटणी करता येत नाही. मला हा मुद्दा कुठल्याही ‘पटलं’पेक्षा मोलाचा वाटतो.

आता बायकांचं काम. आर्ली हॉकशिल्ड यांच्या १९८९च्या ‘द सेकंड शिफ्ट’ची मांडणी अशी: नोकरीवरून आलेल्या बाईची घरी दुसरी पाळी सुरू होते. सोलापूरच्या वाचकाला ‘पाळी’ हा शब्द गिरण्यांमुळे पाठ आहे, त्यामुळे कल्पना चटकन समजते. पण घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला ती जशीच्या तशी लावली की गडबड होते. तिची मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवणं, कात्रीनं कापणं, वळणं, बांधणं, हे सगळं त्याच खोलीत जिथं डाळ शिजते आणि पोरं अभ्यास करतात. पहिली पाळी कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली, हे घड्याळाला सांगता येत नाही. नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांवर गेलेला वेळ तर मजुरीच्या हिशेबातच नाही. पुस्तकातला प्रश्न इथंही खरा आहे, मोजमाप तेवढं बदलावं लागतं.

भारतातला मोठा आधार म्हणजे केंद्र सरकारची २०१९ची वेळ-वापर पाहणी. सहा वर्षांवरील माणसांना आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत विचारलं. एका टप्प्यात जास्तीत जास्त तीन कामं नोंदवली जात, तीही किमान १० मिनिटांची असली तर. चुलीकडं पाहत पानं कापणाऱ्या बाईचा दिवस अशा तक्त्यात कसा बसेल, याचा विचार करूनच पुढचे आकडे वाचावेत.

घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. हेच आकडे सगळीकडे छापून येतात आणि वाचक म्हणतो, ‘म्हणजे तिप्पट’. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी ते काम केलेल्यांची आहे. केलेले किती? बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. गुणाकार करून सगळ्यांवर वाटलं तर बायकांची सुमारे २४३ मिनिटं आणि पुरुषांची सुमारे २५. तिप्पट नव्हे, जवळपास दहापट. भागाकाराच्या खाली कोण बसलंय, हे न पाहिल्यामुळे निष्कर्ष एवढा हलतो. कुठल्याही पुस्तकात ‘सरासरी’ दिसली की पहिला प्रश्न हाच: कुणाची सरासरी?

दुसरा प्रश्न: नेमकं काय विचारलं होतं? डेव्हिड ग्रेबर (ते मानववंशशास्त्रज्ञ, पण पुस्तक याच फळीवर असतं) यांनी निरर्थक नोकऱ्यांबद्दल २०१८ साली पुस्तक लिहिलं. त्यातला ३७ टक्के हा आकडा २०१५च्या ब्रिटनमधल्या एका जनमत चाचणीचा. तिथं विचारलं होतं, तुमचं काम जगाला काही अर्थपूर्ण हातभार लावतं का. एवढे जण ‘नाही’ म्हणाले. पुढं २०२१मध्ये युरोपातल्या कामगारांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला शोधनिबंध आला. तिथला प्रश्न होता, आपण उपयोगी काम करतोय असं वाटतं का. ‘क्वचित’ किंवा ‘कधीच नाही’ म्हणणारे २०१५मध्ये ४.८ टक्के निघाले. ‘जगाला हातभार’ म्हटल्यावर चादरीच्या मागावरचा कामगारही थबकेल. ‘उपयोगी काम’ म्हटलं तर तो लगेच हो म्हणेल. शिवाय ग्रेबर यांच्याकडे आलेले अनुभव लोकांनी स्वतःहून पाठवलेले, म्हणजे त्रासलेलेच जास्त लिहिणार. त्यानं पुस्तक टाकाऊ होत नाही. अशी भावना कशी असते हे त्यातून उत्तम कळतं, किती जणांची असते हे कळत नाही.

भाडेकरूंना घराबाहेर काढलं जाण्यावरचं मॅथ्यू डेसमंड यांचं ‘इव्हिक्टेड’ (२०१६) मला या सगळ्यांत भक्कम वाटतं, कारण त्यात दोन्ही आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या आठ कुटुंबांची जवळून पाहणी, आणि जोडीला सुमारे १,१०० भाडेकरूंचं सर्वेक्षण. सर्वेक्षणातून दिसलं की सक्तीच्या स्थलांतरांपैकी कोर्टामार्फत झालेली २४ टक्केच, तर ४८ टक्के कोर्टाबाहेर, घरमालकाच्या तोंडी सांगण्यावर. सोलापुरात जिथं भाडं तोंडी ठरतं आणि पावती नसते, तिथं फक्त कोर्टाच्या नोंदी पाहून घर सोडावं लागलेल्यांची संख्या काढली तर ती फसवीच असणार. ‘तिकडचं’ म्हणून बाजूला सारलेल्या पुस्तकातून इथं उपयोगी पडणारी पद्धत मिळते ती अशी.

अशी पुस्तकं गटानं वाचावीत. सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या पुढं गेलं की निम्मे ऐकणारेच राहतात. तीनशे पानांच्या पुस्तकाला तीन बैठका, प्रत्येकी दीड तास. वाचायचा क्रमही उलटा ठेवावा: आधी शेवटचं पद्धतीबद्दलचं प्रकरण आणि टिपा, मग प्रस्तावना, मग मधला मजकूर. पहिल्या बैठकीत फक्त लेखकाचा दावा, प्रत्येकानं आपल्या शब्दांत, तीन वाक्यांत. दुसरीत पुरावा. सोलापूर तिसरीत.

हा क्रम मोडला की काय होतं ते ठरलेलं आहे. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ‘आमच्या शेजारी तर…’ सुरू करतं आणि पुस्तक मिटतं. शेजारच्या एका उदाहरणानं ‘सगळे’ किंवा ‘नेहमी’ असा दावा खोडता येतो. ‘जास्त’ किंवा ‘बहुधा’ असा दावा एका उदाहरणानं हलत नाही. उलट बाजूनं, वॉर्डाच्या सरासरीवरून त्या वॉर्डातल्या एका माणसाबद्दल बोलणं हीही तितकीच नेहमीची चूक.

आणि हे शास्त्र बाहेरून आलंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हाती आधी समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख द्यावा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. एका वाटेनं चालणारे, एकच अभंग म्हणणारे वारकरी जेवायला मात्र जातीनुसार वेगळे बसतात, हे त्यांनी चालता चालता टिपलं. तिथं टक्केवारी नाही, पण कुठं उभं राहून काय पाहिलं हे स्पष्ट आहे. अभिप्राय लिहिताना तेवढंच करावं: दोनशे शब्द, त्यात दावा, पुरावा, न पटलेला एक मुद्दा पान क्रमांकासह, आणि अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव व आवृत्तीचं वर्ष.